आजानुबाहू भुंगेरा

‘आजानुबाहू’ हे विशेषण आपण प्रभू रामचंद्रांसाठी जणू राखून ठेवले आहे. उभे राहिले असता ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात तो आजानुबाहू. सामुद्रिकशास्त्राने हे महापुरुषाचे लक्षण मानले आहे. स्वीडनमधील कार्ल लिनिअस याने १७५८ साली दक्षिण अमेरिकेतील एका भुंगेऱ्याचे नामकरण करताना नेमका हाच विशेष हेरला आणि त्याला ‘लॉन्जिमॅनस’, म्हणजे लांब हातांचा, असे नाव दिले. सजीवांना दोन शब्दांचे शास्त्रीय नाव देण्याची पद्धत रूढ करणारा हा लिनिअस वैद्यकाचा पदवीधर होता आणि काही वर्षे त्याने स्टॉकहोममध्ये रुग्णही तपासले होते. आपल्या स्मरणिकेत एका किड्यावरचा लेख कशासाठी, असे ज्यांच्या मनात आले असेल त्यांनी हा एवढा वशिला तूर्त मान्य करावा. खरे कारण पुढे येईलच.

त्या भुंगेऱ्याचे आजचे पूर्ण नाव अ‍ॅक्रोसिनस लॉन्जिमॅनस. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून थेट उरुग्वे आणि अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंतच्या उष्ण, दमट अरण्यांत तो राहतो. त्याच्या प्रजातीत तो एकटाच. सख्खे भावंड नाही. इंग्रजीत त्याला हार्लेक्विन बीटल म्हणतात. हार्लेक्विन हा जुन्या इटालियन नाटकमंडळ्यांतला रंगीबेरंगी ठिगळांचा अंगरखा घालणारा सोंगाड्या. काळ्या मखमलीवर विटकरी-गुलाबी आणि हिरवट-पिवळ्या रंगांचे वळणदार पट्टे, असे या भुंगेऱ्याच्या पाठीचे रूप आहे. मला मात्र ते चित्र पाहताना सोंगाड्या आठवत नाही, आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली गोधडी आठवते. हा रंग कवचाला फासलेला नसून त्यावरच्या अतिशय बारीक, दाट लवीचा आहे. शरीराची लांबी साडेसात सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे आपल्या मधल्या बोटाएवढी. डोक्यावरच्या शृंगिका शरीराहून लांब, आणि नराचे पुढचे दोन पायही शरीराहून लांब. टेबलावर ठेवला तर लहानशी बशी त्याने सहज व्यापावी.

आपल्याकडे या कुळातला सर्वांत परिचित सदस्य म्हणजे आंब्याचा भिरूड. कोकणात, गोव्यात आणि आमच्या बेळगाव-खानापूर पट्ट्यात ज्यांच्या घरी आंब्याची झाडे आहेत, त्यांना खोडातून गळणारा भुसा पाहून होणारा जिवाचा थरकाप वेगळा सांगायला नको. भिरूड दिसायला साधा, करड्या रंगाचा. त्याचा हा अमेरिकन चुलतभाऊ मात्र दिसायला देखणा आणि वागायला त्यामानाने सज्जन आहे. तो मुख्यतः मेलेल्या, मरू घातलेल्या किंवा उन्मळून पडलेल्या झाडांवर जगतो.

माझ्या तपासणीच्या टेबलावर पारदर्शक राळेच्या ठोकळ्यात बंदिस्त केलेला असा एक भुंगेरा आहे. भाच्याने परदेशातून आणलेली ही भेट. इंजेक्शनच्या भीतीने घर डोक्यावर घेणारी मुले त्याच्याकडे पाहून क्षणभर गप्प होतात आणि मग ठरलेला प्रश्न येतो, “डॉक्टरकाकू, हा खरा आहे?” खरा आहे, असे सांगितले की दुसरा प्रश्न येतो, “मग त्याला कोणी मारले?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला नेहमीच सोपे गेले. दुसऱ्या प्रश्नामुळे मी या भुंगेऱ्याविषयी वाचू लागले. असे कीटक टाचणीला टोचून, चौकटीत बसवून, राळेत बुडवून जगभर विकले जातात. भिंतीवरच्या शोभेसाठी इतका कारागीर जीव विकत घेण्यात मला तरी रसिकता दिसत नाही, हे स्पष्टच सांगते.

या भुंगेऱ्याला युरोपच्या नजरेसमोर आणणाऱ्यांत एक असामान्य स्त्री होती. मारिया सिबिला मेरियान ही १६४७ साली फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेली चित्रकर्ती. सुरवंटापासून फुलपाखरू कसे होते, हे तिने लहानपणापासून डब्यांत किडे पाळून पाहिले आणि रंगवले. किडे चिखलातून आपोआप उपजतात, असे अनेक शिकलेली माणसेही मानत असतानाचा हा काळ. १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, धाकट्या मुलीला बरोबर घेऊन आणि आपली चित्रे विकून उभ्या केलेल्या पैशावर ती ॲमस्टरडॅमहून जहाजाने दक्षिण अमेरिकेतील सूरिनामला गेली. तेथल्या डच मळेवाल्यांना साखरेपलीकडे कशातच रस नव्हता आणि किडे शोधत हिंडणाऱ्या या बाईची त्यांनी थट्टाच केली. दोन वर्षांत आजाराने, बहुधा हिवतापाने, तिला परतावे लागले. १७०५ साली तिने सूरिनामच्या कीटकांवरचा आपला साठ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे लिनिअसने तिच्या चित्रांचा आधार अनेक ठिकाणी घेतला. मी स्वतः पन्नाशी ओलांडली असल्यामुळे बावन्नाव्या वर्षी समुद्र ओलांडणाऱ्या या बाईंबद्दल मला विशेष आपुलकी वाटते.

त्या ग्रंथातील अठ्ठाविसाव्या चित्रात आपला भुंगेरा आहे, आणि तो आहे म्हाळुंगाच्या फांदीजवळ. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे म्हाळुंग आहे, तेच हे फळ. त्याचे मूळ घर हिमालयाच्या पायथ्याचा पूर्वेकडचा मुलूख. युरोपीय मळेवाल्यांबरोबर ते सूरिनामला पोहोचले होते. याच ग्रंथात मेरियानने आपल्या अंगणातला शंकासूरही रंगवला आहे आणि सोबत एक नोंद केली आहे: मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया या झाडाच्या बिया वापरून गर्भपात करून घेतात, कारण आपले मूल गुलाम म्हणून जन्माला यावे असे त्यांना वाटत नाही. हे विषयांतर झाले, याची मला कल्पना आहे. पण मुलांवर उपचार करण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या पानावरून सहजासहजी पुढे जाता येत नाही.

आता भुंगेऱ्याच्या संसाराकडे वळू. वड, पिंपळ, उंबर, फणस ही ज्या कुळातली झाडे, त्याच वटकुलातील तिकडची झाडे त्याला विशेष प्रिय. अरण्यात असा एखादा वृक्ष कोसळला की त्याच्या चिकाच्या वासाने भुंगेरे जमू लागतात. अळंबीच्या कंगोऱ्यांनी आणि दगडफुलांनी चित्रविचित्र झालेल्या बुंध्यावर हा भडक भुंगेरा बसला की दिसेनासा होतो. आपल्याला जे भरजरी वस्त्र वाटते, तो प्रत्यक्षात लपण्याचा बुरखा आहे. मादी सालीत दातांनी सुमारे दोन सेंटीमीटर लांबीची खाच पाडते आणि दोन-तीन दिवसांत पंधरा-वीस अंडी घालते. अळ्या लाकूड पोखरत सात-आठ महिने वाढतात आणि प्रौढ भुंगेऱ्याहूनही मोठ्या, बारा-तेरा सेंटीमीटरच्या होतात. मग लाकडात खोली कोरून त्या कोश करतात. आणखी सुमारे चार महिन्यांनी नवा भुंगेरा सालीला भोक पाडून बाहेर येतो. सारे बालपण मिट्ट काळोखात, सडत्या लाकडात आणि बुरशीच्या सहवासात गेलेले असते. हा बुरशीचा सहवास वाचकांनी ध्यानात ठेवावा.

ते लांब हात कशासाठी? फांद्यांवरून सरपटताना आधारासाठी, अशी जुनी समजूत होती. पण मग मादीचे हात नराएवढे लांब का नाहीत? डेव्हिड आणि जीन झे या शास्त्रज्ञ दांपत्याने एका सहकाऱ्यासह १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे उत्तर दिले. अंडी घालण्याजोगी ताजी पडलेली झाडे अरण्यात मोजकीच असतात. तेथे मादी येणारच, म्हणून नर त्या जागा अडवून बसतात आणि लांब हातांनी एकमेकांशी झुंजतात. ज्याची पोच लांब, त्याचा ताबा. हे हात आजानुबाहू महापुरुषाचे नव्हेत, आखाड्यातल्या मल्लाचे आहेत.

याच दांपत्याने पनामात केलेले दुसरे काम मला अधिकच मनोरंजक वाटते. या भुंगेऱ्याच्या कठीण पंखांखाली, पोटाच्या वरच्या बाजूला, काही मिलिमीटर लांबीचे छद्मविंचू प्रवास करतात. नांग्या विंचवासारख्या, पण नांगी मारणारे शेपूट नाही, असा हा अष्टपाद प्राणी. त्याचा एक नातेवाईक आपल्याकडे जुन्या पुस्तकांच्या पानांतही कधी कधी सापडतो. छद्मविंचू सडत्या झाडात राहतो. झाड जुने झाले की त्याला नवे झाड गाठावे लागते, आणि पंख तर नाहीत. भुंगेरा हीच त्याची एस.टी. प्रवासात पडू नये म्हणून तो रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेतो आणि नव्या झाडापाशी पोहोचल्यावर धाग्यावरून खाली उतरतो. भुंगेऱ्याच्या अंगावरचे बारीक कोळी खाण्यासाठी तो चढत असावा, असाही एक कयास पूर्वी होता. झे दांपत्याने दाखवले की ही गाडी केवळ वाहन नाही, तर विवाहमंडपही आहे. धिप्पाड नर खाली उतरण्याऐवजी भुंगेऱ्याच्या पाठीवरच ठाण मांडतो, इतर नरांना हुसकावतो आणि चढणाऱ्या प्रत्येक मादीला गाठतो. झाडावरच्या जागेसाठी भुंगेऱ्यांची झुंज आणि भुंगेऱ्यावरच्या जागेसाठी छद्मविंचवांची झुंज, असा हा दुमजली संसार एका पडलेल्या वृक्षावर उभा असतो.

आणि आता माझ्या मूळ कारणाकडे येते. त्यासाठी वाचकांना माझ्याबरोबर नवजात अतिदक्षता विभागात यावे लागेल.

काही वर्षांपूर्वी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेले, अकराशे ग्रॅम वजनाचे एक बाळ आमच्याकडे होते. बाराव्या दिवशी ते श्वास घ्यायचे विसरू लागले, प्लेटलेट घसरल्या, रंग राखेसारखा झाला. प्रतिजैविके चालूच होती. रक्ताच्या कल्चरमध्ये जिवाणू नव्हे, कँडिडा ग्लॅब्रेटा ही बुरशी वाढली आणि फ्लुकोनॅझोलला ती दाद देत नव्हती. आम्ही ॲम्फोटेरिसिन बी सुरू केले. डोळ्यांचा पडदा, हृदय, मूत्रपिंडे यांत बुरशीचे गोळे नाहीत ना, हे तपासले. क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रोज मोजत राहिलो. आई काचेबाहेर तासन् तास उभी असे. ते बाळ वाचले. पण त्या दिवसांत औषधांची यादी करताना मला जे जाणवले, ते नवजात विभागात काम करणारा प्रत्येक जण जाणतो. जिवाणूंसाठी आपल्यापाशी औषधांचे कपाट आहे, बुरशीसाठी एक लहानसा खण. आपल्या देशातील नवजात विभागांत कँडिडा अल्बिकन्सपेक्षा तिच्या इतर भावंडांचेच प्रमाण अधिक आढळते, असे अहवाल अनेक वर्षे येत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रथमच घातक बुरशींची यादी प्रसिद्ध केली. एकोणीस बुरशींच्या त्या यादीत ग्लॅब्रेटा ‘उच्च’ धोक्याच्या गटात आहे.

त्या खणातले सर्वांत जुने आणि भरवशाचे औषध म्हणजे ॲम्फोटेरिसिन बी. ते आले कोठून? व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीतून. तेथल्या मातीच्या नमुन्यातील स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस या सूक्ष्मजीवापासून १९५५च्या सुमारास अमेरिकन संशोधकांनी ते वेगळे केले. व्हेनेझुएला हा आपल्या भुंगेऱ्याच्याच मुलखाचा भाग आहे. म्हणजे एकोणतीस आठवड्यांच्या त्या बाळाच्या शिरेतून जे पिवळसर औषध थेंबाथेंबाने जात होते, त्याचा उगम याच अरण्यांच्या मातीत होता.

कीटकांना प्रतिपिंडे नसतात, लसिकापेशी नसतात, लस देण्याची सोयही नाही. तरीही लाखो वर्षे ते रोगजंतूंच्या गराड्यात टिकून आहेत. स्वीडनमध्ये हान्स बोमान यांनी १९८०च्या सुमारास एका पतंगाच्या कोशात जंतुनाशक पेप्टाइडे शोधली आणि या प्रतिकाराचा पहिला धागा हाती आला. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमान यांच्या गटाने १९९६ साली दाखवले की, टोल नावाचे जनुक बिघडलेल्या फळमाश्या बुरशीला बळी पडतात. या कामासाठी हॉफमान यांना २०११ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपण जन्मजात प्रतिकारशक्तीच्या धड्यात जे टोलसदृश ग्राहक शिकवतो, त्यांचे नाव या माशीवरूनच पडले.

याच विचाराच्या ओघात फ्रेंच संशोधकांनी आपल्या गोधडीवाल्या भुंगेऱ्यातून तीन पेप्टाइडे मिळवली. त्यांची नावे एएलओ-१, एएलओ-२ आणि एएलओ-३. भुंगेऱ्याच्याच नावाची ही आद्याक्षरे. २००३ साली एएलओ-३ची त्रिमितीय रचना प्रसिद्ध झाली. अवघी छत्तीस अमिनो आम्ले. त्यांत सहा सिस्टीन; ती दोन-दोन जोडली जाऊन तीन गंधकी पूल तयार होतात आणि एक पूल उरलेल्या दोहोंच्या कड्यातून आरपार जातो. दोरीला निरगाठ बसावी तशी ही गाठ आहे. पचवू पाहणाऱ्या विकरांना ती सहजी सुटत नाही. बुरशीला मारणारी अशी गाठ कीटकात प्रथमच आढळली होती. आणि ती सर्वांत प्रभावी ठरली ती कोणत्या बुरशीवर? कँडिडा ग्लॅब्रेटावर.

ते वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुन्हा मागे जाऊन वाचले. बुरशीने वेढलेल्या लाकडात ज्याचे सारे बालपण जाते, त्याच्या अंगात बुरशीचा उतारा असावा, हे तर्काला धरूनच आहे. तरीही अकराशे ग्रॅमच्या त्या बाळाचा शत्रू आणि या भुंगेऱ्याचा शत्रू एकाच गोत्रातले निघावेत, याने मी काही काळ विचारात पडले.

येथे उत्साहाला लगाम घालणे भाग आहे. २००३ नंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला; एएलओ-३ औषध म्हणून आपल्या हाती आलेले नाही. काचपात्रात बुरशी मारणे आणि रुग्णाच्या रक्तात ती मारणे यांत मोठे अंतर असते. पेप्टाइडे मूत्रपिंडांवाटे झटपट निघून जातात, तयार करायला महाग पडतात, आणि अकराशे ग्रॅमच्या रुग्णांची बाजारपेठ कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात फार मोठी दिसत नाही. मला यांतले शेवटचे कारण सर्वांत जड वाटते. कारण अशा गाठीचे औषध होऊच शकत नाही, असे नाही. समुद्रातल्या एका शंखगोगलगाईच्या विषात अशीच तीन गंधकी पुलांची गाठ आहे. त्यावरून केलेले झिकोनोटाइड हे मणक्यात देण्याचे वेदनाशामक २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. पंचवीस अमिनो आम्लांचा तो तुकडा औषध होऊ शकला, तर छत्तीसांचा का होऊ नये? आपल्या संघातील तरुण सहकाऱ्यांपैकी कोणी संशोधनाकडे वळणार असेल, तर हा प्रश्न मी त्यांच्या पुढ्यात ठेवते.

प्रयोगशाळेला मूळ भुंगेऱ्यांची आता गरज नाही. अमिनो आम्लांचा क्रम कळला की पेप्टाइड बनवता येते. पण तो क्रम वाचायला एकदा तरी भुंगेरा जिवंत असावा लागतो, आणि भुंगेरा असायला पडलेला वृक्ष जागच्या जागी कुजू द्यावा लागतो. अरण्य साफ करणाऱ्याच्या नजरेला पडलेले झाड म्हणजे सरपण किंवा अडगळ. लोकांच्या नजरेत भरते ती भुंगेऱ्याची पाठ. तिच्यासाठी तो राळेत जातो. त्याचे रक्त पाहण्याचे मोजक्यांनाच सुचले.

या कथेतला एक दुवा आपल्या परसदारीही आहे. एएलओ-३शी अमिनो आम्लांच्या क्रमात साम्य असलेली बुरशीनाशक पेप्टाइडे काही वनस्पतींच्या बियांत सापडली आहेत, आणि त्यांतली एक वनस्पती म्हणजे गुलबक्षी. सायंकाळी उमलणारी, दारच्या कोपऱ्यात आपोआप उगवणारी ती गुलबक्षी मूळची अमेरिका खंडाचीच. तिची काळी, सुरकुतलेली, मिरीसारखी बी लहानपणी आपण सर्वांनीच गोळा केली आहे. ती ओल्या मातीत महिनोन् महिने पडून राहते, भोवती बुरशी असतेच, आणि पहिल्या वळवाच्या सरीनंतर तिला कोंब फुटतो.